सत्काराचा खर्रा

गुणवंतानं दुखण्याच्या गोळ्यांची नशा सोडून तीन आठवडे झाले, म्हणून कमलाकरनं मित्राचा सत्कार करायचं ठरवलं आणि तिथंच घोळ घातला. नारळाऐवजी त्यानं दिग्रसचा ताजा घोटलेला, सुपारी-तंबाखूचा खर्रा नेला. गोळी वाईट, खर्रा मात्र आपला घरचाच, अशी त्याची पक्की समजूत.

जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून कंबर गेलेला गुणवंता सहा वर्षं गोळी घ्यायचा आणि तिच्यावर लगेच खर्रा. त्यामुळे सत्काराचा खर्रा गालात गेला आणि पाच मिनिटांत त्याचा हात खिशात गोळी शोधू लागला. खिसा रिकामा होता म्हणून तो वाचला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच यवतमाळच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि कुस्ती मारून आल्याच्या ऐटीत सगळं सांगून बसला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूत गोळी आणि खर्र्याची सोयरीक जुळली आहे. एक आलं की दुसऱ्याला बोलावतं. आता दोन्ही सोबतच सोडू."

कमलाकर माफी मागायला केंद्रात पोचला, तेव्हा गुणवंताच्या जिभेखाली नशेची ओढ शमवणारी उपचाराची गोळी होती. ती विरघळेपर्यंत बोलायला बंदी. कमलाकरनं गालातला खर्रा एका बाजूला सारला.

"माह्यं चुकलंच गा! पण सांग, आता तुले भेटाले येताना काय आणू? केळी? चिवडा?"

गावभर बडबडणारा गुणवंता दहा मिनिटं गप्प राहून त्याच्या फुगलेल्या गालाकडे पाहत होता. मग गोळी विरघळली.

"काही आणू नको बे, फक्त तोंड धुऊन ये."