लाल दिवा डाव्या हाताला

आमच्या नावेला पुढचं-मागचं असं काही नव्हतंच, दोन्ही टोकं सारखी. पूर्णा ओलांडली की आमचे हे नाव फिरवत नसत; स्वतःच तोंड फिरवून बसत आणि परत वल्हवायला लागत. नदीकाठी आमचा भाजीचा मळा. पावसाळ्यात मळ्यात पाणी शिरलं की तेवढे महिने ते लोकांना नदीपार सोडत.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. एका वर्षी तहसिलीचा चपराशी हुकूम घेऊन आला. अंधार पडल्यावर नाव चालवायची तर दोन दिवे पाहिजेत, डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. यांनी अमरावतीहून रंगीत काचांचे दोन कंदील आणले, लोहाराकडून आकडे करून घेतले आणि अख्खा दिवस ते नावेला ठोकत बसले. मी म्हटलं, "नावेचं लगन लावून राहिले काय?" इतके हसले, की हातातला खिळा पाण्यात पडला.

पण नाव फिरत नाही म्हटल्यावर परत येताना डावं ते उजवं होणार. चपराशाला हे सांगून उपयोग नव्हता. मग हे पलीकडे माणसं उतरवली की दोन्ही कंदील काढून त्यांची अदलाबदल करत आणि मगच निघत. महाहट्टी माणूस! कितीदा सांगितलं, कोणी बघत नाही. पण ऐकतील तर शपथ.

मला मात्र त्याची सवय झाली. आमचं घर उंचावर. दारातून लाल दिवा माझ्या डाव्या हाताला दिसला, तर नाव जातेय किंवा पलीकडे उभी आहे. तो उजवीकडे आला, की हे निघाले. मग मी घरातला कंदील घेऊन काठाशी जाऊन उभी राहायची. पुरात नाव लावायची जागा दिसत नसे. माझ्या कंदिलाच्या रोखानं ते नाव आणत.

त्या संध्याकाळी पोर तापानं फणफणली होती. बाजाराहून परतणारी माणसं पलीकडे सोडायची होती आणि पाणी चढत होतं. हे निघाले तशी मी चिडलेच.

"ते दिवे बदलत बसू नका आज. कोन पाह्यते तुमाले? मानसं उतरवा अन् सिद्धे घरी या."

"बरं बाई," म्हणाले आणि गेले.

पोरीच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवता ठेवता मी तीनदा दारात आले. तीनही वेळा लाल डावीकडेच. पावसात जवळ-लांब काही कळत नव्हतं. म्हटलं, अजून तिकडेच गप्पा मारत उभे असतील. मनातल्या मनात त्यांना बोलत मी परत पोरीजवळ बसले. माझंच बोलणं मला आठवलं नाही. घरातला कंदील जागचा हलला नाही. चौथ्यांदा दारात आले तेव्हा नदीवर एकही दिवा नव्हता.

तिसऱ्या दिवशी खालच्या गावाजवळ ते सापडले. पोर वाचली. लोक म्हणाले, पुरापुढे कोणाचं चालतं? मीही तेच म्हणत राहिले, पोरीलासुद्धा तेच सांगितलं.

तेराव्याला पलीकडचा एक म्हातारा आला होता. त्या दिवशी नावेतून उतरलेला तोच शेवटचा. म्हणाला, "मी त्याईले म्हटलं, आज दिवे नाही बदलत काहून? तर हसले. म्हने, आज घरून मनाई हाय."

जन्मभर त्या माणसानं माझं एक ऐकलं नाही. त्या दिवशी ऐकलं.