गाठी नव्हे, पापुद्रे!

मित्रांनो, आज दुपारी मी जळगावच्या लॅबमध्ये चक्क रडले.

स्टीलच्या बंद भांड्यात, उकळत्याहून कितीतरी जास्त तापवलेल्या पाण्यात मी धातूच्या ऑक्साइडचे अतिपातळ पापुद्रे बनवतेय. दरवेळी गाठीच निघायच्या. माझे गाईड सर म्हणाले होते, "हा शेवटचा प्रयत्न. नाहीतर विषय बदलू."

आज मायक्रोस्कोपचे फोटो आले. सगळीकडे पापुद्रे! इतके पातळ, की एकातून मागचा दुसरा दिसत होता.

लगेच दोंडाईच्याला आईला फोन लावला.

"बठ्ठं पाणीमाच व्हयनं?" सगळं पाण्यातच झालं का, असं तिनं अहिराणीत विचारलं.

"हो आई, तुला भीती होती ते घातक रसायन वापरावंच लागलं नाही."

"मंग आते रडस कसाले?"

फोन ठेवला, तर शेजारी उभे सर हसून म्हणाले, "आता पुन्हा करून दाखव." उद्या भांडं परत तापवणार.

अडलेलं काम जमलं, तेव्हा तुम्ही पहिला फोन कोणाला केला होता?