फक्त रिंगा बदलल्यात

माणसावर चटकन विश्वास ठेवायचा नाय, हा माझा स्वभाव. बायको म्हणते, देवळातला प्रसादसुद्धा मी आधी हुंगून बघतो.

त्यामुळं अण्णांची गाडी शहागंजच्या मिस्त्रीकडून दोन महिन्यांनी परत आली, तेव्हा पहिल्या आवाजालाच माझं डोकं फिरलं. गाडी म्हणजे विलायती, दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्स कूपे; अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जीव की प्राण. तिचा आवाज शिलाई मशीनसारखा बारीक. आता ती सुरू झाली की खिडकीची काच थरथरायची.

"रिंगा बदलल्यात," अण्णा म्हणाले.

पिस्टनच्या रिंगा बदलून एवढा आवाज येतो व्हय? ते दुपारी झोपल्यावर मी बॉनेट उघडलं. आत दांडगं इंजिन कसंबसं कोंबलेलं, आणि त्यावरचा नंबर आरसी बुकाशी जुळेना. झालं. मिस्त्रीनं अस्सल इंजिन विकून खाल्लं आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात कुणाचं तरी उतरवलेलं मारलं, अशी माझी खात्रीच पटली.

तडक शहागंज गाठलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणालो. वीस वर्षं अण्णांची गाडी सांभाळणारा माणूस. तो हात पुसत मला आत घेऊन गेला. फळीवर, ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळलेलं जुनं इंजिन होतं. मी नंबर पाहिला. तोच.

"बडे साब खुद बोले, बडा इंजन डालो," तो म्हणाला. "छोटे का आवाज अब उनकू सुनाई नईं देता. गिअर कब बदलना, समझता नईं. बोले, बेटे कू नक्को बोलो, चाबी ले लेगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, पण तोंडातल्या तोंडात.

संध्याकाळी अण्णांनी मला शेजारी बसवून हर्सूलकडं गाडी काढली. गिअर अगदी वेळेवर पडत होते. इतका खुललेला चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता. मागून एसटी एकसारखी हॉर्न वाजवत होती आणि अण्णा रस्त्याच्या मधोमध. शेवटी मीच स्टिअरिंगला हात घालून गाडी डावीकडं ओढली. एसटी घासून गेली तेव्हा ते दचकले. गाडी कडेला थांबली.

"किल्ली द्या, अण्णा," मी म्हणालो.

"आं?"

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "इंजिन लई भारी झालंय."

त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं.

"इंजिन तेच आहे," ते म्हणाले. "फक्त रिंगा बदलल्यात."