पुंजाजी गवंडी आन् ग्यासचा खड्डा

आमचा पुंजाजीदादा गेला, त्याला आता सव्वा महिना झाला. लोक येतात, बसतात, म्हणतात लई चांगल्या हिरी बांधल्या त्यानं. बांधल्याच. पर त्यानं एक खड्डा बी बांधला व्हता, आन् त्याच्यापायी त्याच्या तोंडचं पाणी पळालं व्हतं, ते कुनी सांगत न्हाई.

सन पंच्याहत्तर असंल. कळमनुरीच्या अलीकडं आमचं गाव. अमृतराव पाटलानं गोबरग्यास घेतला. मंजे शेण पाण्यात कालवून खड्ड्यात सोडायचं, वर लोखंडाची मोठी टाकी पालथी घालायची. शेण कुजलं की ग्यास टाकीत साठतो, टाकी वर उचलती, आन् नळीनं ग्यास चुलीला. खड्डा बांधायचं काम पुंजाजीला, टाकीचं लतीफ लोहाराला. दोघं जिवाचे दोस्त. जागा पाटलाच्या गोठ्यामागं, उंचावर. खाली पन्नास पावलावर आमच्या बौद्धवाड्याची हीर. ती हीर पुंजाजीनं आन् आमच्या बानं सोताच्या हातानं खांदलेली.

पयले पंधरा दिस टाकी उचलली. मंग बसली ती बसलीच. पाटलीनबाई पद्माबाई रोज वरडायची, "कालवण उकळंना, चुलीला जाळ हाय का काजवा!"

त्याच हप्त्यात जनकाबाई, मंजे पुंजाजीची बायको, हिरीवरून रिकामी घागर घेऊन आली.

"अवो, पाण्याला वास येऊन राहिला."

"कशाचा वास?"

"शेणाचा. वरती पिवळा फेस हाय. लेकरायचे पोटं बी बिघडलेत. मी न्हाई भरलं."

वाड्यातल्या बाया नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. झिरा उन्हाळ्यात आटनार, हे सगळ्यायला म्हाईत. मंग गावच्या हिरीवर जाऊन, कुनी वरून ओतंल का म्हनून घागर धरून हुबं राहायचं. जनकाबाई ल्हानपनी तशी हुबी राहिली व्हती. तिनं घागर पालथी घातली. पुंजाजीला त्या दिशी भाकर गेली न्हाई.

दुसऱ्या दिशी पाटलानं दोघायला बोलावलं. "लतीफ, टाकीला भोक हाय तुह्या. ग्यास उडून चाल्लाय."

लतीफनं टाकीला सगळीकडून साबनाचं पाणी लावलं. कुठंच बुडबुडा न्हाई. "मालक, टाकी बराबर हाय. पर खड्ड्यातलं कालवण हातभर खाली गेलंय. बाहेर तर आलं न्हाई. मंग गेलं कुठं?"

"मला काय इचारतो? काम बिघडवायचं आन् वरून सवाल!"

लतीफनं हत्यारं गोळा करायला घेतली. आन् पुंजाजीला आपली भोकं आठवली. हीर बांधताना इटाच्या थरात भोकं ठेवायची असतात, झऱ्याचं पाणी आत यावं म्हनून. वीस वर्सं हाताला तीच सवय. ग्यासचा खड्डा बी तसाच गोल, तसाच खोल. वरचे दोन हात त्यानं गिलावा केला, खाली थराथरात भोकं ठेवून दिली. ध्यानात बी आलं न्हाई.

"लतीफभाई, ठेव ती हत्यारं," पुंजाजी म्हनला. "पाटील, चूक माही हाय. मी हीर बांधली, खड्डा न्हाई बांधला."

पाटलाला आधी समजलंच न्हाई. समजलं तवा कपाळाला हात लावला. "आरं येड्या, हिरीत पाणी आत येतं! ह्यातून शेण बाहेर जाऊन राहिलं!"

"व्हय. आन् आमच्याच हिरीत जाऊन राहिलं."

पाटलानं खाली हिरीकडं बघितलं. मंग म्हनला, "कर मंग दुरुस्त. पर फुकट करशीन."

"करतो."

टाकी काढली, कालवण उपसून वावरात टाकलं, खड्डा चार दिस उघडा ठेवला. पाचव्या दिशी पुंजाजीनं कंदील पेटवून दोरीला बांधला. हिरीत उतरायच्या आधी हवा बघायची तशीच रीत असती.

"अरे बत्ती नको भाई!" लतीफ धावत आला, कंदील हिसकून इझवला. "ग्यास हाय त्यात! आपून दोघं नांदेडला जाऊन पडू, उडत!"

मंग हवा बघायला जनकाबाईची कोंबडी टोपल्यात घालून खाली सोडली. वर काढली तं ती इतकी कलकलली की पद्माबाई सुदिक हसली. तवा पुंजाजी उतरला.

एकेक भोक इटाचे तुकडे आन् सिमिटानं बुजवलं. तळापासून वरपर्यंत दोनदा गिलावा, घोटून घोटून. पाणी भरलं, कोळशानं रेघ मारली. आठ दिस तो रोज सकाळी रेघ बघायला जायचा. पाणी रेघंवरून हाललं न्हाई. मंग शेण घातलं, लतीफनं टाकी बसवली, आन् महिनाभरात ती वर आली. पद्माबाईच्या चुलीला निळा जाळ.

पर पुंजाजीचं ध्यान हिरीकडं. सगळ्या वाड्यानं तीनदा हीर उपसली, जंतू मारायची दवा टाकली. दर बारीला तो म्हनायचा, थांबा, आजून न्हाई.

माघ संपता संपता जनकाबाईनं एक घागर वढली. वास घेतला. वंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकली न्हाई, गिळलं. सगळ्या बाया तिच्या तोंडाकडं बघून राहिल्या.

"काय गं?" पुंजाजीनं इचारलं.

"आता काय, भरा की," ती म्हनली, आन् पयली घागर त्याच्याच डोईवर दिली. पुंजाजी गवंडी, उभ्या जन्मात घागर डोईवर घेतली नव्हती, पर त्या दिशी वाड्यातून हसत हसत घरी आला, आन् अर्धं पाणी अंगावर सांडलं तरी त्याला त्याचं काही वाटलं न्हाई.