हळू आवाजातली जाखडी

गावात मला बुवा म्हणत. गणपतीत अंगणात जाखडी उभी राहिली की मधोमध बसून गाणं मी सांगायचो आणि पायांत चाळ बांधून गोल फिरणारी पोरं माझी ओळ उचलायची. मृदंग, झांजा, चाळ, या सगळ्या गदारोळातून आवाज वाडीच्या टोकाला पोचला पाहिजे. माझा पोचायचा. आमच्याकडे गोड गळ्याला कोणी विचारत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आखातात, अजमानला शटरिंगच्या कामावर आलो. खोलीत खाटेवर खाट, अर्धे लोक दिवसपाळीचे, अर्धे रातपाळीचे. म्हणजे सदा कोणीतरी झोपलेलं. पहिल्याच शुक्रवारी दुपारी गळा मोकळा केला, तर वरच्या खाटेवरून चप्पल आली. खालच्या खाटेवरचा पठाण म्हणाला, "बुवा, गाओ, जरूर गाओ. मगर धीरे."

मग धीरे. एसीच्या घरघरीखाली दबेल इतकंच. मृदंगाऐवजी मांडीवर बोटं. आधी नुसता वैताग यायचा. पण हळू गाताना चाल लांबवावी लागते, ओळीत मध्येच थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात मला काहीतरी सापडत गेलं. एक अक्षर न कळणारा पठाण डोळे पुसायचा. शेजारच्या खोल्यांतली माणसं येऊन दारात उभी राहायची. मी हुरळून गेलो, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांनी सुट्टी मिळाली, ती नेमकी गणपतीत. ऑफिसने ठेवून घेतलेला पासपोर्ट हातात पडला तेव्हा माझ्या डोक्यात घर नव्हतं, अंगण होतं. गावाला आता नवीन काहीतरी ऐकवणार होतो.

अंगणात बसलो, पहिलं नमन घेतलं. पोरं फिरतायत आणि ओळ कोणी उचलेना. मागून कोणीतरी ओरडलं, "बुवा, ऐकू येत नाय!" मी जोर लावला. आवाज फाटला. पोरांचे पाय चुकले, गोल तुटला. तेवढ्यात धाकट्या चुलतभावाने माझ्यामागून तीच ओळ घेतली, खणखणीत, आणि गोल पुन्हा फिरायला लागला. शेवटपर्यंत त्यानेच गाणं सांगितलं. मी झांज वाजवली.

"प्रवासानं दमलास रे," म्हातारी माणसं म्हणाली. ती कीव मला शिवीपेक्षा झोंबली. पुढच्या वर्षीचा बुवा कोण, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

परत आलो. पासपोर्ट पुन्हा ऑफिसच्या कपाटात गेला. माझा गळा खाऊन बसलेल्या त्या खोलीचा मला संताप आला होता. म्हणून शुक्रवारी ठरवून उभा राहिलो आणि छाती भरून श्वास घेतला. आज काय चपला यायच्या त्या येऊ देत.

"यल्ला, बुवा, शुरू करो!" पठाण सरसावून बसला. दारात माणसं जमलीच होती. मग वरच्या खाटेकडे बोट दाखवत तो हलकेच म्हणाला, "मगर धीरे. उसका नाइट है."

मी खाली बसलो आणि हळू गायलो. आवाज कुठंही फाटला नाही.