फाटकात सापडलेलं बोट

उझबेकिस्तानातल्या मरगिलानमध्ये कापूस घरी आला की लग्नं सुरू होतात, आणि लग्नं सुरू झाली की सानोबरच्या पाठीचे हाल सुरू होतात. बाजारामागच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये खिडकीपाशी तिचं एक लहानसं टेबल आहे. तिथे मान खाली घालून ती वीसेक वर्षं लोकांच्या लेकीसुनांची नखं घासते आहे. सगळ्यांना घाई असते, सगळ्यांना फोनमधलं चित्र दाखवायचं असतं, आणि तुमचे हात किती सुंदर आहेत हे सगळ्यांनाच तिच्या तोंडून ऐकायचं असतं. ती तसं म्हणते. म्हणायला काय जातं?

त्या गुरुवारी ती दिवा मालवायला उठली होती, इतक्यात रोहत-ओपा आत आल्या; ओपा म्हणजे ताई. गल्लीतलं कुठलंही लग्न त्यांना विचारल्याशिवाय ठरत नाही आणि सानोबरकडे निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याच शब्दाने येतात. त्यांच्यामागे त्यांची नवी सून ओयदिन होती. रुमाल कपाळापर्यंत ओढलेला आणि उजवा हात डाव्या बाहीत लपवलेला.

सानोबर पुन्हा बसली. कंबरेने तक्रार केली, पण कंबरेचं कोण ऐकतं?

बाहीतून हात निघाला तेव्हा पहिल्या बोटाला चिंधी होती आणि चिंधीत भाजलेला कांदा. कांदा बाजूला केल्यावर सानोबरने दिवा जवळ ओढला. नख काळंनिळं पडलं होतं, एका बाजूने मुळापासून उचललं गेलं होतं आणि खालचं मांस अजून ओलं होतं. कसं झालं ते रोहत-ओपांनीच सांगितलं. काल पहाटे वारा सुटला होता, लोखंडी फाटक आपटलं, पोरीचं बोट मध्ये सापडलं. रात्रभर आपणच तिचा हात गार पाण्यात धरून बसलो होतो, हेही त्या म्हणाल्या, आणि ते खोटं नसावं. बाई वाईट नव्हती.

पहाटे फाटकाशी ती काय करत होती, हे विचारायची गरजच नव्हती. नवी सून उजाडायच्या आत उठते, फाटक उघडते, दारात पाणी शिंपडते आणि रस्त्यापर्यंत झाडून काढते. उघड्या फाटकातून बरकत घरात येते म्हणतात. सानोबरनेही सून असताना वर्षानुवर्षं झाडलं होतं. बरकत कधी आत आल्याचं तिला आठवत नाही, धूळ मात्र भरपूर आली.

अडचण अशी की रविवारी ओयदिनला माहेरचं बोलावणं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच मुलगी सासरच्या बायकांना घेऊन आईच्या घरी जाणार, सगळ्यांपुढे छातीवर हात ठेवून वाकणार, स्वतःच्या हाताने चहा देणार. त्या दिवशी माहेरच्यांचे डोळे हातांवरच असतात. तेव्हा या बोटावर एक छानसं खोटं नख बसवून द्या, गुलाबीसर, बाकीच्यांच्या मापाचं, असं रोहत-ओपांचं म्हणणं होतं.

सानोबरने सांगून पाहिलं. खाली ओल आहे, ओल झाकली की आत पू धरतो. रविवारपुरतं लावून सोमवारी काढायचं म्हटलं, तर काढताना उरलंसुरलं नखही त्याच्याबरोबर निघून येईल आणि पुढे येईल ते वाकडंच येईल. त्यापेक्षा स्वच्छ पट्टी बांधा आणि फाटकात सापडलं म्हणून सांगा.

"आणि फाटक उघडायला कोण पाठवतं असं विचारलं, तर काय सांगू?" रोहत-ओपा म्हणाल्या.

तेवढ्यात रोहत-ओपांचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत बाहेर गेल्या. दार लागल्यावर पोरीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ओपा, लावून टाका ना. दुखलं तरी मी ओरडणार नाही. आईला दिसायला नको हो. ती मला इतक्या लांब द्यायलाच तयार नव्हती. हे बघितलं तर तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

सानोबर दमली होती. सासूला हवं होतं, सुनेला हवं होतं, मग आपणच कशाला आडवं यायचं? पंधरा मिनिटांत चिकटवून घरी जाता आलं असतं. तिने मापाचं नख शोधून काढलं, बोटावर धरलं आणि कडेला जरासं दाबलं. ओयदिन खरंच ओरडली नाही. तिने रुमालाचं टोक दातांत धरलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते. एवढं गप्प राहायला ही पोर एवढ्यातच शिकली, याचा सानोबरला राग आला. कुणाचा राग, ते तिला सांगता आलं नसतं. तिने नख परत डबीत टाकलं.

मग तिने बोट धुतलं, कुठे अडकेल असा सुटा तुकडा तेवढा कापला, चिकटलेल्या भागाला हात लावला नाही, औषध लावलं आणि पांढरी पट्टी बांधली. ठणकलं किंवा पू दिसला तर कुणाला न विचारता दवाखान्यात जायचं, असं तिने बजावलं. बाकीची नखं आखूड आणि साधी केली.

रोहत-ओपा परत आल्या आणि त्यांनी पट्टी बघितली. मग शांतपणे म्हणाल्या, "सानोबरखोन, तुमची सून इरोदा, ती किती वाजता उठते हो?"

सानोबर कापसाचे बोळे गोळा करत राहिली.

"तुमच्या घरची मूठ झाकलेली आहे, म्हणून माझी उघडायला निघालात," असं म्हणून त्यांनी सुनेची बाही पट्टीवर ओढली आणि दोघी गेल्या. ही गिऱ्हाइकं गेली आणि यांच्या शब्दाने येणारीही गेली, हे सानोबर समजून चुकली. त्याचं वाईट वाटायलासुद्धा तिच्यात त्राण नव्हतं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिला फाटक ढकलावं लागलं नाही, ते कधीच लागत नसे. पावलं ओळखून इरोदाने आतून उघडलं, पिशवी हातातून घेतली, जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरला, नान मोडून ठेवला आणि रीतीप्रमाणे अर्धी पियाली चहा ओतून दोन्ही हातांनी पुढे केली.

एरवी सानोबर पियाली घेते आणि पाय पसरते. आज तिने पियाली खाली ठेवली आणि सुनेचा हात धरून दिव्याकडे वळवला. पाण्याने कातडी भेगाळली होती. अंगठ्याच्या नखावर एक काळा डाग होता, अर्ध्यावर सरकलेला. नख किती चालीने वाढतं ते सानोबरला कुणी सांगायला नको. हा मार उन्हाळ्यातला होता. सबंध उन्हाळा आणि त्यानंतर आजपर्यंत हेच हात रोज तिच्यापुढे चहा धरत होते.

इरोदाचा हात ताठरला.

"धुतलेत, आई," ती घाईने म्हणाली. "आत्ताच साबण लावून धुतलेत."