उलटी घडी
ताज्या पेपरच्या शाईचा वास आला की मला पाचोरा स्टेशन आठवतं. नव्वदच्या आसपास तिथे दोन पेपरवाले होते, एकमेकांचं तोंडही न पाहणारे. म्हातारा सायकलवरून खेड्यांत पेपर टाकायचा, तरुणाचा स्टेशनबाहेर ठेला होता. मी दोघांकडे बसायचो आणि म्हाताऱ्याच्या खबरा तरुणाला पुरवायचो, कारण गठ्ठा सुटताच तो पहिला पेपर माझ्या हातात द्यायचा. एवढ्यावर विकला गेलेला खबऱ्या मी. "भाऊ, सकायले तो कोनता रस्तावर ऱ्हास?" तरुणाने एकदा म्हाताऱ्याची सकाळची वाट विचारली. "पाटावरून जातो, एकटाच," मी सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हातारा पाटाच्या कडेला मेलेला सापडला, डोक्यात घाव, पेपर कपाशीत विखुरलेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पानावर तीच बातमी होती. एरवी खुनाची बातमी वर काढून ओरडणाऱ्या त्या तरुणाने सगळे पेपर उलटी घडी घालून मांडले होते, बातमी आत दडवून. फौजदारांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मी नुसता वाचायला बसतो, साहेब." खुनी कधी सापडला नाही. आजही दारात पेपर पडतो, तो वास येतो, आणि घडी उलगडायला माझा हात धजत नाही.